चिंचेने घासलेला रेडिएटर

आमच्या वटार गावातल्या घरात जुनं पितळ आलं की आधी चिंचेने घासायचं, मगच वापरायचं. हा सासूबाईंचा कायदा. तो त्या गाडीच्या रेडिएटरलाही लावतील, हे मात्र माझ्या स्वप्नातही नव्हतं.

गाडी सासऱ्यांची. कळंबच्या रस्त्यावर त्यांनीच मला ती शिकवली. ते गेल्यावर वाडीतली केळी म्हणू नका, घरातली आजारपणं म्हणू नका, सगळं मीच त्या गाडीतून वाहिलं. सासूबाई मात्र कधी बसल्या नाहीत. "बाईच्या हातातली गाडी मी लांबून बघीन," म्हणायच्या आणि रिक्षा करायच्या.

मग रेडिएटर गळायला लागला. इतक्या जुन्या गाडीचा नवा मिळतच नाही, असं सांगून गॅरेजवाल्याने हात वर केले. आमच्या यांनी लगेच भंगारवाल्याला रविवारचा शब्द देऊन टाकला. मला न विचारता! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी मोबाइलवर शोध शोध शोधलं आणि वापरलेला एक मागवला. जाहिरातीत लिहिलं होतं, मूळचा, एकदाही दुरुस्त न केलेला.

पार्सल आलं तेव्हा मी वाडीत होते. परत येऊन बघते तर सासूबाई न्हाणीपाशी काथ्या घेऊन बसलेल्या, आणि काळ्या रेडिएटरची वरची टाकी पिवळीधम्मक!

"अहो आई, हे काय केलंत?"

"पितळ आहे ना? घासलं." मग टाकीवर बोट ठेवून म्हणाल्या, "पण बाय, याला डाख दिलाय बघ. भोकं बुजवलीत."

खरंच, जिथला काळा रंग निघाला होता तिथे शिशाचे करडे डाग दिसत होते. दुरुस्त केलेला माल रंग फासून पाठवला होता मेल्याने.

मी विकणाऱ्याला फोटो पाठवले, तर तो माझ्यावरच चढला. रंग काढलात, आता परत घेणार नाही म्हणे. मी वेबसाइटकडे तक्रार केली. तिथल्या मुलीने आम्हा दोघांना एकाच फोनवर घेतलं आणि पहिलंच विचारलं, "वस्तू आल्यावर तुम्ही तिला काही केलं का?"

फोन स्पीकरवर होता. हे शेजारी बसून खुणा करत होते, नाही म्हण, नाही म्हण. गाडी जात होती हो माझी! 'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात सासूबाईंनी फोन ओढून घेतला.

"मी घासला. चिंचेने घासला. त्यात लपवायचं काय?"

झालं! मी कपाळाला हात लावला. पलीकडे विकणारा ओरडायला लागला, बघा, आंटीने कबूल केलं, आंटीनेच बिघडवला.

सासूबाईंचा आवाज जराही चढला नाही. "अरे बाबा, घासून रंग जातो. घासून डाख येतो का? तो तुझ्याकडूनच आला."

मग ती मुलगी हसली आणि म्हणाली, "आजी, बरोबर आहे तुमचं." तिने त्याला दुसरा पाठवायला लावला. मी या बाईची सून आहे, हे मला त्या फोनवर ओरडून सांगावंसं वाटलं. अजूनही वाटतं.

शनिवारी सकाळी दुसरा आला. चिंच आधीच भिजत घातलेली होती. यावेळी कोणी अडवलं नाही. टाकी लखलखीत निघाली, कुठे एक डाग नाही. संध्याकाळपर्यंत गॅरेजवाल्याने तो बसवून दिला.

रविवारी मी गाडी चालू केली, तर सासूबाई पदर सावरत आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या.

"रिक्षा बोलावू का?" मी मुद्दाम विचारलं.

"गप गाडी चालव."

फाटकात भंगारवाल्याचा टेम्पो आडवा उभा होता. गाडी चालू होईल यावर यांचा भरवसाच नव्हता, म्हणून त्याला येऊ नको असं सांगितलंच नव्हतं. सासूबाईंनी काच खाली केली.

"टेम्पो मागे घे रे," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेला गाडी काढायची आहे."