ढाली रंगवणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका निरुपयोगी उद्योग इतक्या निष्ठेने करणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा नसेल. ऐंशीच्या दशकात ॲन आर्बरमधला मराठी माणूस एकतर डॉक्टर असे, नाहीतर इंजिनिअर. मामा मात्र दुसऱ्यांच्या घराण्यांची चिन्हं रंगवत. ज्यांच्या खापरपणजोबांचा म्हणे कुठेतरी किल्ला होता अशा गोऱ्या लोकांसाठी ढाली, ढालींवर सिंह, गरुड, मागच्या पायांवर उभे राहिलेले घोडे. शिवाय चर्चच्या आणि कॉलेजांच्या मानपत्रांतली पहिली अक्षरं सोन्याच्या वर्खाने मढवायची. मुंबईत चित्रकला शिकून ते मामींच्या मागोमाग इथे आले. मामी हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर. त्या ड्यूटीवर गेल्या की मामा लायब्ररीत जाऊन मध्ययुगातल्या पोथ्यांसमोर काचेला नाक लावून उभे राहत. "मी रोज लोकांना भूल द्यायचे, आणि ह्यांना तिकडे भूल पडली," असं मामी सांगत.

त्यांचा कागद म्हणजे वासराचं कमावलेलं कातडं. ते घरात आलं त्या दिवशी मामींनी देव उचलून वरच्या मजल्यावर नेले. "तुमचं वासरू खाली, माझा बाळकृष्ण वर!" ढालीच्या शास्त्रात सोन्यावर चांदी, म्हणजे पिवळ्यावर पांढरं, येऊ द्यायचं नसतं. मामांनी तो नियम आयुष्यालाच लावला. पांढऱ्या भातावर पिवळं वरण पडलं की मध्ये लोणच्याच्या लाल खाराची रेघ ओढल्याशिवाय घास घेत नसत. एडिसन गावात एका बारशात यजमानीणबाईंच्या पिवळ्या साडीचे पांढरे काठ पाहून ते कळवळून म्हणाले, "वहिनी, मध्ये एक हिरवी दोरी तरी शिवून घ्या हो!" शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या एका बड्या हार्ट स्पेशालिस्टने हौसेने सांगितलं, "मामा, आमच्या फॅमिलीसाठी पण एक डिझाइन करा ना यार, सिंहाच्या हातात स्टेथोस्कोप देऊन." मामांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "सिंह नको," म्हणाले, "तुला कासव शोभेल."

हसून आम्ही आपापल्या घरी जात असू. त्या घरात राहणाऱ्यांना हसता येत नसे. वर्ख इतका हलका, की कोणी शिंकलं तरी उडून जायचा. त्यांची मुलगी रेवती कुजबुजतच लहानाची मोठी झाली. दहा-अकरा वर्षांची असताना दारात उभी राहून तिने विचारलेलं मी ऐकलंय : "डॅड, आय ॲम ब्रीदिंग. इज दॅट ओके?" मामांनी मान वर न करता उत्तर दिलं, "हळू." पुढे ती वकील झाली, शिकागोकडे गेली, आणि बापाशी फोनवर हवामानापलीकडे बोलेनाशी झाली.

मग मामींना कॅन्सर निघाला. डॉक्टरच त्या, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या सहज बोलाव्या तशा बोलल्या, "जगाला कुळं वाटलीत. माझ्यासाठी कधी एक अक्षर नाही रंगवलंत."

मामा गोंधळले. "काय लिहू?"

"मी रोज म्हणते ते लिहा."

"काय म्हणतेस?"

मामी माझ्याकडे वळल्या. "बघितलंत? तीस वर्षांत ऐकलेलंच नाही. अहो, 'जेवायला या, गार होतंय.' ते लिहा."

मामा त्या दिवसापासून कामाला लागले. पण गिऱ्हाइकाचा सिंह झपाट्याने उठवणारा हात इथे पुढे सरकेना. 'जे' काढावा, वाकडा वाटला म्हणून खरवडावा, पुन्हा काढावा. रेवती रजा घेऊन आली आणि दोन दिवस हे पाहून भडकली. "शी डझन्ट हॅव टाइम फॉर परफेक्ट, डॅड!"

मामांनी खरवडणं थांबवलं आणि वर्ख काढला. सोनं बसवायचं तर अक्षराच्या पांढऱ्या लेपावर बारीक नळीतून श्वास सोडावा लागतो. लेप ओलसर झाला की लगेच वर्ख टेकवायचा. मामांचा श्वास तुटत होता. रेवतीने त्यांच्या हातातून नळी घेतली. ती फुंकर घाले, ते वर्ख ठेवत. "जोरात," मामा म्हणत, "अजून जोरात, बाळ."

'जेवायला या' एवढं सोन्याचं झालं. पुढचं पेन्सिलीतच होतं. तसंच त्यांनी मामींना नेऊन दाखवलं. मामींनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "पुढचं राहू द्या आता. गार होतंय हे काय सोन्याने मढवायचं?" त्याच आठवड्यात त्या गेल्या.

मामांनी नंतर ब्रश धरला नाही. रेवतीने त्यांना शॉमबर्गला आपल्याकडे नेलं. मी शेवटचा भेटलो तेव्हा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले होते. खाली पार्किंग लॉटमध्ये बर्फ पडत होता आणि एक म्हातारी बाई हातमोज्याने गाडीची काच पुसत होती. मी विचारलं, "काही काढता की नाही हल्ली?"

"नाही. बघतो नुसतं." बाहेर बोट दाखवून म्हणाले, "बर्फ सावलीत निळा दिसतो, तुला ठाऊक होतं? मी एवढे हिवाळे इथे काढले आणि मला ठाऊक नव्हतं."

मग त्यांनी आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि मला खिडकीपाशी जागा करून दिली.