डबल सीट

शिमग्यात नाचणाऱ्या देवाच्या पालखीलाही "डावीकडून, डावीकडून" असे बजावणारा रत्नागिरीतला एकमेव माणूस म्हणजे आमच्या शेजारचे हवालदारकाका. मूळचे मंडणगडकडचे, उंच, काटक. नियमांवर इतकी भक्ती की ओटीवर कोणी आडव्या चपला काढल्या तर त्या स्वतः वळवून सरळ लावत. ताटाची डावी-उजवी बाजू चुकली म्हणून एकदा त्यांनी काकूंनाही समज दिली. "मग मलाच आत टाका, निदान आयतं जेवायला मिळेल," असे काकूंनी भात वाढता वाढता सांगितले, तेव्हा काकांनी ताट पुढे ओढले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पोस्टाकडून बाजारात उतरणारा रस्ता नुकताच गुळगुळीत डांबरी झाला होता. गॅरेजात टाकून दिलेली बेअरिंगे फळीला ठोकून आळीतली मुले त्यावरून खडखडत उतरत. तक्रारी झाल्या. दुसरे पोलीस दोन रट्टे देऊन मोकळे होत. काका मात्र त्या गाड्यांना सायकलचे नियम लावत: घंटी हवी, दिवेलागणीनंतर दिवा हवा, डबल सीट बंद. नियम मोडणाऱ्या सायकलची ते हवा सोडत. इथे सोडायला हवाच नव्हती. पहिल्या दिवशी ते फळीभोवती बराच वेळ फिरले आणि शेवटी एक बेअरिंग काढून खिशात घातले. तेव्हापासून तीच शिक्षा. माझ्या दादाने करवंटीची घंटी बांधली, तर ती वाजवून बघून त्यांनी नापास केली.

मुलींना गाडीवर कोणी घेत नसे. मुंबईला नोकरीला जाण्यापूर्वी एकदा मागे बसवीन, असे दादाने मला कबूल केले होते. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही उतारावर बसलो आणि सुटण्याआधीच पकडले गेलो. बेअरिंग गेले. संध्याकाळी मी काकांच्या ओटीवर गेले. ते पट्ट्याला पॉलिश करत होते.

"दादा उद्या दुपारी जातोय, काका. मला एकदाच त्याच्या मागे बसायचंय."

"म्हणजे डबल सीट?"

"हो."

"मग नाही गो बाय."

सकाळी त्यांनीच आम्हाला गाडी घेऊन उतारावर बोलावले. बेअरिंग स्वतः बसवले, खाली वळणावर गेले, शिट्टी फुंकली आणि मंत्र्याची गाडी यावी तसा हात आडवा केला. एक एसटी, दोन सायकली आणि डोक्यावर पाटी घेतलेली मासेवाली, सगळे थांबले. मग काकांनी आमच्याकडे पाठ केली.

"कोण येतंय, हवालदार?" एसटीवाल्याने विचारले.

"येतंय ते जाऊ दे. तू पुढे बघ."

आम्ही सुटलो. दातांत खडखड, मुठीत दादाचा सदरा, आणि समोर मोठी होत जाणारी ती खाकी पाठ. खाली पोचताच त्यांनी बेअरिंग पुन्हा काढून घेतले. म्हणाले, "डबल सीट. बघितलं नाही, पण ऐकलं."

दादा दुपारच्या गाडीने गेला. तिन्हीसांजेला काका बेअरिंगला खोबरेल लावून परत घेऊन आले. "गणपतीत येईल ना तो? आला की सांग, रस्ता अडवतो."

दादा गणपतीत आला, पण कडक इस्त्रीच्या पँटीत. फळीवर बसलो तर लोक हसतील, म्हणाला. काका निवृत्त होऊन गावी जाईपर्यंत दर गणपतीत कुंपणापलीकडून विचारत राहिले, आणि मी दरवेळी "सांगते" म्हणत राहिले.

आता दादाचे गुडघे दुखतात आणि उतारावर गतिरोधक आहेत. तरी तो आला की मी त्याला बाजाराला त्याच रस्त्याने नेते. वर पोस्टापाशी आम्ही दोघेही जरा थांबतो. खालून शिट्टी येत नाही. मग कडेकडेने, डावीकडून, चालत उतरतो.