शालिनीताई आणि वनिताचा ‘आळस’

तरी माझं म्हणणं तेच आहे, की शालिनीताईंनी मला आठवडे बाजारात, चारचौघांत झापायला नको होतं. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. ताईंच्या साठीच्या गौरवग्रंथात मी भांडण काढतोय, मंडळींनी माफ करावं. शाळा सातवीत सुटली, गोड लिहिणं जमत नाही.

ताई आमच्या उपकेंद्राच्या नर्स. पहिली ओळख झाली ती बहिणीमुळे. वनिताला सिद्धगडच्या पायथ्याला दिली होती. दीड वर्षात सासू तिला आमच्या दारात आणून सोडून गेली. "आळशी हाय. भाताच्या लावणीत हिच्यापायी रांग मोडते. भर उन्हात घोंगडी घेऊन बसते." वनिताचं तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, केस मुठीने गळत होते. आई तिला भगताकडे न्यायला निघाली होती. तेवढ्यात ताई लसीकरणाला पाड्यावर आल्या. त्यांनी वनिताची कोरडी कातडी बघितली, पाळीचं विचारलं, पोट साफ होतं का विचारलं. मग म्हणाल्या, "हिचं थायरॉईडचं रक्त तपासून घ्या."

मी म्हणालो, "गळा तर सुजला नाय, ताई!"

"गळा सुजायची वाट बघतोस काय रे? यातलं एखादं लक्षण कुणालाही असतं. सगळी एकदम आली आणि महिने गेले तरी हटेनात, की रक्त बघायचं."

शहापूरला रक्त दिलं, ते पुढे कल्याणला गेलं. आजार निघाला. डॉक्टरांनी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली. तीन महिन्यांत वनिता हसायला लागली. पुन्हा रक्त तपासलं, रिपोर्ट चांगला आला. मी पेढे वाटले, गोळी बंद केली आणि तिला सासरी पोचवली. पुढच्या लावणीत रांग पुन्हा मोडली. सासू म्हणाली, "आता नेशील ती कायमची."

ते कळलं आणि ताईंनी मला बाजारात गाठलं. "अरे शहाण्या, रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळे! तू चार महिने एका कामावर टिकत नाहीस, म्हणून औषधही टिकू द्यायचं नाही?" सुकटवाल्या बायासुद्धा हसल्या.

पण दुसऱ्याच दिवशी ताई रजा टाकून वनिताच्या सासरी गेल्या. सासूला म्हणाल्या, "सून आळशी नाय, चूक भावाची हाय. गोळी चालू ठेवा, दोन महिन्यांनी रक्त बघू. आणि नातवंडाचा विचार असंल तर आधी मला सांगा." सासूने वनिताला ठेवून घेतली. पोटुशी असताना ताईंनी तिचं रक्त पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. आता गोळी विसरली तर सासूच ओरडते.

मग पाड्यावरच्या सगळ्याच बाया ‘थायरॉईड करा’ म्हणून रांगेत उभ्या राहिल्या. ताईंनी बहुतेकींना परत पाठवलं. एकीला म्हणाल्या, "डोंगर उतरून पाणी आणतेस, दमणारच गो! आधी हिमोग्लोबिन बघू. गरिबाचं रक्त उगाच काढायचं नसतं."

मी जामनगरला कामावर आहे. दोन वर्षं झाली, टिकलोय. सत्काराला येता येणार नाही. ताईंनी शाल-नारळ नको म्हणून सांगितल्याचं कळलं. ताईंचे पाय पाडे चढायला धड राहोत, झापायचा आवाज आहे तसाच खणखणीत राहो, आणि शंभरीच्या ग्रंथातही मला त्यांच्याशी भांडता येवो. दोन बायांच्या थायरॉईडच्या तपासणीसाठी मनीऑर्डर करतो आहे. कुठल्या दोघी, ते ताईंनी ठरवावं. रुपये सहाशे.