मामाच्या बेसचा तिसरा नॉब

मामा माझा मामा नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात गाणारी मुलगी त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. ती त्याला मामा म्हणते, म्हणून आम्ही सगळेच म्हणतो. माझ्याहून तो जेमतेम सहा वर्षांनी मोठा आहे. हॉटेलातले वेटर त्याला मामा म्हणतात, आणि एकदा तर एका सत्तरीच्या बाईंनी पहिल्या रांगेतून "अहो मामा, जरा हळू गाणं घ्या की" अशी फर्माईश केली होती. मला तो ठोक्या म्हणतो. मी ड्रम वाजवतो, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

मामा बेस गिटार वाजवतो. चार जाड तारांचं हे वाद्य मोठं दुर्दैवी. वाजत असतं तेव्हा कुणाचं लक्ष नसतं आणि थांबलं की सगळ्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. दर कार्यक्रमाला कुणीतरी मामाला विचारतंच, "तुमच्या गिटारचा आवाज का येत नाही हो?" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं: "येतो. पायाला येतो, पाय हलतोय तुमचा." लोक खाली बघतात तर पाय खरंच हलत असतो.

बावीस वर्षं आम्ही शेजारी-शेजारी वाजवतोय. मी बसून, तो उभा. माझ्या डाव्या हाताला झांजा, आणि झांजांच्या पलीकडे हातभर अंतरावर मामाचा उजवा कान. बेस आणि ड्रम यांनी एकमेकांना चिकटून असावं लागतं, त्यामुळे ही जागा कधी बदलली नाही. मी झांज वाजवतो ती जीव खाऊन. तरुणपणी तर मला तेवढंच येत होतं. आमच्या साउंडवाल्याने एकदा सगळ्यांसाठी कानात घालायची रबराची बोंडं आणली होती. मामा म्हणाला, "कानात बोळे घालून वाजवायचं तर घरीच बसतो ना." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो, हे माझ्या चांगलं लक्षात आहे.

मामाला वाजवण्याइतकीच दुसरी खोड म्हणजे बेस उघडायची. इतर माणसं रविवारी झोपतात. हा बेस पालथा घालून मागचं झाकण उघडतो. आतल्या खोबणीत त्याने तांब्याचा पत्रा चिकटवलाय, घरघर येऊ नये म्हणून. वायरी स्वतः बदलल्यात, रंगाप्रमाणे, एकीला एक चिकटणार नाही अशा. बेसला तीन नॉब. दोन आवाज कमी-जास्त करायचे आणि तिसरा आवाजाचा पोत बदलायचा: एका बाजूला फिरवला की गोधडीतून बोलल्यासारखा आवाज, दुसऱ्या बाजूला फिरवला की धारदार. मला वायरीला डाख लावायला मामानेच शिकवलं. त्याची पद्धत अशी की तापलेलं सोल्डरिंग आयर्न ओल्या स्पंजवर टेकवायचं आणि कान द्यायचा. "चर्र आलं की तापलं. नुसतं फुस्स आलं की थांब. डोळ्याला काय कळतंय त्यातलं, कानाला कळतं."

दोन वर्षांपूर्वी तो म्हणायला लागला, "ठोक्या, बेसचा आवाज बसलाय."

आम्हाला काही बसलेला वाटत नव्हता. पण वाद्य त्याचं, म्हणून हो म्हटलं. त्याने नव्या तारा चढवल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा नव्या. मग तिसऱ्या नॉबच्या पोटातला छोटा कपॅसिटर बदलला, कारण म्हणे तोच धार खातो. मग पिकअप बदलले, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे चुंबक. प्रत्येक वेळी वाजवून दाखवायचा आणि आमच्या तोंडाकडे बघायचा. "उघडला का?" आम्ही म्हणायचो, "उघडला की!" आणि खोटं नव्हतं ते, उघडतच होता. इतका उघडला की नको झाला. तरी पुढच्या रविवारी हा म्हणायचा, "अजून हवा तसा नाही."

शेवटी त्याने बेसमध्ये प्रीअँप, म्हणजे नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालून आवाज वाढवणारं छोटं सर्किट, बसवलं आणि तिसरा नॉब त्याला जोडला. आता धार दुप्पट करता येत होती. मामाने ती दुप्पट केली. तारेवर बोट पडलं की स्टीलच्या ताटलीवर चमचा आपटावा तसा आवाज, आणि वाजवत नसताना सतत सूं सूं. भाची दोन ओळींच्या मध्ये वळून बघायची. मामा मात्र डोळे मिटून खूश.

याच सुमारास तो स्टेजवर लोकांकडे तोंड करायचं सोडून अर्धवट माझ्याकडे वळून उभा राहायला लागला. मला वाटलं, बावीस वर्षांनी का होईना, गड्याला माझी किंमत कळली.

ज्या हॉटेलात आम्ही दर शनिवारी वाजवतो, तिथला मॅनेजर सरळ माणूस आहे. त्याने भाचीला बाजूला घेऊन सांगितलं, "पाहुणे तक्रार करतायत. ती टकटक आणि सूं सूं येत्या शनिवारी मला नको. नाहीतर बेसला दुसरा माणूस आणा."

हे मामाला सांगायचं काम अर्थात माझ्यावर आलं. बुधवारी दुपारी त्याच्या घरी गेलो. खिडकीशी टेबल, टेबलावर पालथा बेस, शेजारी मामीने वाळत घातलेले रुमाल. मामा प्रीअँपच्या वायरीला पुन्हा डाख लावायच्या तयारीत होता. त्याने आयर्न उचललं आणि स्पंजवर टेकवलं. चर्र आवाज आला, चांगला खणखणीत. मामाने मान तिरकी केली, थोडं थांबला, पुन्हा टेकवलं. पुन्हा चर्र. वाफ निघाली.

"तापतच नाही आज," मामा म्हणाला. आणि खात्री करायला त्याने डाव्या हाताचं पहिलं बोट आयर्नच्या टोकाला लावलं.

मी ओरडेपर्यंत बोट भाजलं होतं. मामी धावत आली. मामा नळाखाली बोट धरून त्या आयर्नला शिव्या घालत होता, आणि मी स्पंजकडे बघत उभा होतो. मॅनेजरचा निरोप मी सांगितलाच नाही.

निघताना मामी दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "कळलं ना तुम्हाला? मी नेलं होतं त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे. बारीक, वरचे आवाज गेलेत म्हणे. खालचे आहेत. गेलेले परत येत नाहीत."

"मला तर म्हणाला, डॉक्टरांनी नुसता कानातला मळ काढला."

"डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं हो. घरी येऊन काय म्हणाले माहितीये? डॉक्टरांचं मशीन जुनं आहे."

जिन्यावरून उतरताना मी हिशेब लावत होतो. उजवा कान जास्त गेला असणार. हातभर अंतर, बावीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या खोलीत मी, भाची आणि साउंडवाला असे तिघे बसलो. मी सगळं सांगितलं. भाची रडली. म्हणाली, "मी नाही सांगणार. पहिल्यांदा स्टेजवर पाय लटपटले तेव्हा मामा माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. त्याला मी सांगू, तू ऐकू शकत नाहीस म्हणून?"

"बेस बंद करायला लागला तर मामा बंद पडतील," साउंडवाला म्हणाला.

खरं तर तिघांपैकी कुणीही सांगायला हवं होतं. त्याला तालात काही अडचण नव्हती, सुरात नव्हती, खालचा आवाज त्याला ठणठणीत ऐकू येत होता. त्याने फक्त तो नॉब सोडायला हवा होता. पण तेवढं सांगायचं तर बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि आमच्यापैकी एकाचीही छाती झाली नाही. मग मला एक युक्ती सुचली. तेव्हा ती मला फार हुशारीची वाटली होती.

मी मामाकडे गेलो आणि म्हटलं, "बोट भाजलंय तुझं. बेस दे, प्रीअँप मी बसवतो नीट."

त्याने आजवर तो बेस कुणाला उघडू दिला नव्हता. माझ्या हातात देताना म्हणाला, "हिरवी वायर अर्थिंगची आहे. ओढू नकोस."

घरी आणून मी प्रीअँप काढला. दोन नॉब जुन्या पद्धतीने जोडले, बेसच्या पेटीत पडून असलेले जुने पिकअप परत बसवले. तिसरा नॉब जागेवर ठेवला, पण त्याच्या तिन्ही टोकांना काहीच जोडलं नाही. तो फिरायचा, अगदी मऊ, आणि काहीही करायचा नाही. मागच्या बाजूच्या कप्प्यात नवी बॅटरी ठेवली. तिची वायर आत नेऊन कापली आणि टोकाला पट्टी गुंडाळली. डाख असे सुबक लावले की मामाने बघितले असते तर पाठ थोपटली असती.

शनिवारी संध्याकाळी आवाज तपासताना मामाने पट्टी बांधलेल्या बोटाने तार दाबली, दुसऱ्या हाताने ती छेडली, तिसरा नॉब पूर्ण फिरवला आणि कान दिला. आम्ही तिघे त्याच्या तोंडाकडे बघत उभे.

"हां," मामा म्हणाला. "आता उघडला!"

बेस छान वाजत होता. गोल, भरीव, जुना आवाज. मॅनेजरने लांबून अंगठा दाखवला. भाचीने त्या दिवशी गायलंही मोकळं. मामा भेटेल त्याला सांगत सुटला, "ठोक्याच्या हाताला गुण आहे. मी दोन वर्षं डोकं फोडत होतो, त्याने एका दिवसात करून दिलं." हे ऐकलं की मी झांजेचा स्क्रू घट्ट करायला वाकायचो. चार महिन्यांत तो स्क्रू इतका घट्ट झाला की आता तो पकडीशिवाय निघायचा नाही.

काल शनिवार होता. दुपारी चारला सामान लावत होतो. भाची आणि साउंडवाला खाली हॉलच्या दुसऱ्या टोकाला. मामा माझ्याजवळ आला आणि त्याने माझ्यापुढे एक चौकोनी बॅटरी धरली.

"जिभेला लाव."

बॅटरीत जीव आहे का ते बघायची आमची ही जुनी रीत. मी लावली. कचकन चावली. नव्या बॅटरीसारखी.

"चार महिने झाले," मामा म्हणाला. "आधीची दीड महिन्यात उतरायची. मी केबल काढायला विसरतो ना, मग बॅटरी जळत राहते. म्हटलं, ही कुठून आणली ठोक्याने, दुकानाचं नाव विचारून घेऊ." त्याने बेसच्या पाठीवर टिचकी मारली. "मग झाकण उघडलं."

बॅटरी माझ्या हातात होती. जीभ चुरचुरत होती. बावीस वर्षांत मी या माणसाशी भांडलोय, दोन वेळा बोलणं टाकलंय, पण त्याच्यासमोर असा उघडा कधी पडलो नव्हतो. आता शिव्या देईल तर बरं, असं वाटत होतं.

"मामा, मी..."

"डाख चांगले लावलेस," तो म्हणाला. "आणि डॉक्टरांचं मशीन काही जुनं नव्हतं."

मी झांजेवर हात ठेवला. मला सांगायचं होतं की हे माझ्यामुळे झालं, ती बोंडं, ते हसणं, सगळं. तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता, आणि मला उमगलं की तो माझे ओठ वाचतोय.

"पोरीला सांगू नकोस मला कळलंय ते," मामा म्हणाला. "तिला वाटतंय तिने मला वाचवलं. वाटू दे."

त्याने माझ्या हातातली बॅटरी घेतली, परत कप्प्यात ठेवली आणि झाकण खट्कन लावलं. भाची स्टेजवर चढत होती. साउंडवाल्याने लांबून हात वर केला. मामाने एक तार छेडली, तिसरा नॉब हळूहळू शेवटपर्यंत फिरवला, मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं आणि भाचीकडे बघून हसला.

"उघडला गं," तो म्हणाला.

तिचा चेहरा खुलला. मी काठ्या उचलल्या. एकमेकींवर आपटून चार मोजायचे आणि गाणं सुरू करायचं, बावीस वर्षं असंच. मामा माझ्याकडे वळून उभा राहिला आणि त्याने माझ्या काठ्यांवर नजर लावली. तो इतके दिवस माझ्याकडे का वळतो ते मला तेव्हा कळलं.

मी काठ्या जरा उंच धरल्या, त्याला नीट दिसतील अशा, आणि चार मोजले.