पंख्याचं तिसरं पातं

धरणगावच्या आमच्या वस्तीतल्या विहाराला वडिलांनी आणि त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या आबांनी, मिळून छताचा पंखा दान दिला. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. दान दिलं की पात्यावर नाव घालायची रीतच होती. पेंटरकडे आबा एकटे गेले. एका पात्यावर 'धम्मदान' आलं, दुसऱ्यावर आबांचं नाव, तिसरं कोरं. ते पातं आपलं होतं, असं वडिलांचं म्हणणं. आबा म्हणाले, ध्यानात राहिलं नाही. त्या दिवसापासून वडिलांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं.

भांडले मात्र नाहीत. रोज पंचशील म्हणणारा माणूस शिव्या कशा देणार? आबा समोरून आले की ते चपलेचा पट्टा नीट करायला वाकत. वर आम्हालाच विचारत, "मी काही बोलनू का?" आई म्हणायची, "तोंड बंद शे, पन डोयास्मा बठ्ठं दिखस." तोंड बंद आणि डोळ्यांत सगळं दिसतंय, अशा त्या संयमाचं मला हसू यायचं. पुढे आबांची मुलं आमच्याकडे येईनाशी झाली, तेव्हा वाईट वाटलं.

वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, बाहेरगावचे भंतेजी अनात्म समजावून सांगत. शरीर, सुखदुःख, विचार, सगळं बदलत राहतं. 'मी' म्हणून धरून ठेवावं असं त्यात काही सापडत नाही. सगळ्यांत जोरात मान वडिलांची हलायची. पंखा फिरत असला की कुणाचंच नाव वाचता येत नसे. वीज गेली की मात्र वडील मान वर करून अक्षर न् अक्षर वाचत. त्या उकाड्यात वीज जायची वाट पाहणारा तो एकच माणूस असावा.

मग एका उन्हाळ्यात आबांना छातीचं दुखणं झालं. जळगावच्या दवाखान्यात राहून आले. वडील भेटायला गेले नाहीत. बुद्धपौर्णिमेला आबा विहारात भिंतीला टेकून बसले होते, पार निम्मे झालेले. जागा उरली होती ती त्यांच्याच शेजारी, तिथे वडिलांना बसावं लागलं. वंदना मध्यावर आली आणि वीज गेली. पंखा हळूहळू थांबला. सवयीने मी वडिलांकडे पाहिलं.

त्यांनी मान वर केली नाही. आबा तोंड उघडून श्वास घेत होते, पांढरा सदरा अंगाला चिकटला होता. वडिलांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्यांना वारा घालू लागले.

"भाऊ, गुंड्या खोल," ते म्हणाले.

आबांची बोटं गुंडीवरून घसरत राहिली. शेवटी वडिलांनीच त्या एका हाताने खोलल्या. दुसरा हात वीज येईपर्यंत थांबला नाही.