न हुंगलेली फुले

आमच्या आयोवातल्या गावची फुलवाली प्रेमळ होती, असे माझा मुलगा अजूनही सांगतो. साफ खोटे! माझ्या पत्नीच्या पूजेसाठी मागवलेली फुले ती घरपोच आणायची, पण दारातच एकेक फूल हुंगून स्वतःच्या मालाची प्रशंसा करायची.

"बाई, हुंगलेले फूल आमच्या देवाला चालत नाही," मी बजावले.

"फारच नखरेल दिसतो तुमचा देव!" ती फिस्कारली.

"बाबा, चिल! शी इज स्वीट," मुलगा म्हणाला. मी ऑर्डरच कॅन्सल केली.

पत्नी गेली, तेव्हा फुलवाली न बोलावता आली. टोपली तिने हातभर लांब धरली होती आणि श्वास रोखून चेहरा लालबुंद झाला होता.

"एकही हुंगलेले नाही," ती धापा टाकत म्हणाली.

प्रेमळ कसली? हट्टी, उर्मट बाई! त्या दिवशी तिने मला भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही.