बूट कोण बांधतं?

“बाय, ती ओळ काढ,” हवालदारकाका म्हणाले. अपिलाचा ड्राफ्ट माझ्या टेबलावर, त्यांचं बोट त्या ओळीवर. ‘अर्जदाराचे बूट रोज त्यांची पत्नी बांधते.’

“का काढू? खोटं आहे?”

“खरां आसा. पण कागदार लिवलंस तर माका पेडण्यात तोंड दाखवूक जागा उरूची नाय.”

मी डिचोलीत वकिली करते. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. मुळगावच्या आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अभिमान आहे, म्हणून सांगते. फौजी पेन्शनीचं काम मात्र कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. काका फौजेतले निवृत्त हवालदार, आणि त्यांची ही माझी तसली पहिलीच केस.

फौज सोडताना डॉक्टरांचं बोर्ड जवानाला तपासतं आणि दुखण्याला टक्के देतं. काकांच्या गुडघ्यांची झीज डोंगरावरच्या पोस्टिंगमुळे वाढली, हे बोर्डाने मान्य केलं. टक्के दिले पंधरा. डिसॅबिलिटी पेन्शनला वीस लागतात. इकडे तुये गावच्या फॅक्टरीतली सिक्युरिटीची नोकरी सुटलेली. तिथे दिवसभर उभं राहायचं, ते जमेना.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, गुडघे जवळजवळ पूर्ण वाकतात. मी चक्रावले.

“काका, बोर्डापुढे केलंत काय?”

“कर्नलसायबान सांगल्यान वाकव. वाकवलंय.”

“दुखलं नाही?”

“दुखलां तर! पण सायबान विचारल्यान तेव्हा म्हटलंय, नो सर.”

शेजारच्या खुर्चीतून काकी कडाडल्या, “थंय नो सर, आणि घराकडे आयो गे आयो! बूट मिया बांधतंय. ती ओळ रवांदे.”

ओळ राहिली. अपिलावर फेरतपासणी मिळाली. तपासणीला आत जाताना मी काकांना एवढंच बजावलं, “खोटं बोलू नका. पण दुखलं की थांबा. तिथे शौर्य नको.”

आत वकिलाला प्रवेश नसतो. काकी आणि मी बाहेर बाकावर. अर्ध्या तासाने काका आले, बाकावर टेकले. मग हळूहळू बोलले. डॉक्टर कर्नलनी ती ओळ वाचून विचारलं होतं, “हवालदार, बूट कौन बाँधता है?”

“मिसेस, सर.”

“खोलो. अब बाँधो.”

काकांनी प्रयत्न केला. पाय अर्ध्यावर अडला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ते साहेबासमोर म्हणाले, “दर्द होता है, सर.” साहेबांनी मापं घेतली, लिहून घेतली. मग खाली बसून स्वतः लेस बांधली.

“मिया स्टुलार, आणि कर्नल खाली!” काकांचे डोळे भरले.

काकींनी वाकून बुटाकडे पाहिलं. “गाठ बरी मारूक नाय. सुटतली.” आणि तिथेच पुन्हा बांधली.

काही महिन्यांनी पत्र आलं. वीस टक्के. काकींनी सोलकढीसाठी सोलांच्या आगळाची बाटली आणून दिली. खरं तर आभार मीच मानायला हवे होते. त्यांचे, आणि ज्यांचं नावही मला ठाऊक नाही त्या कर्नलांचे.

तेव्हापासून फौजी अशील आला की दुखतं का, हे मी त्याला विचारत नाही. बायकोला घेऊन या म्हणते.